अक्का, आणि दस्तगीरचा उजवा हात

अक्कांच्या घराचा जिना चढायला लागलं की आधी वायरी लागायच्या, मग चपला. कठड्याला, खुंटीला, तुळशीच्या कुंडीला, जिथं जागा मिळेल तिथं काळ्या वायरींची वेटोळी टांगलेली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी, आणि पट्टीवर माणसाचं नाव. दुसरा कुणी असता तर त्यानं ‘बास’ नाहीतर ‘ढोलकी’ असं लिहिलं असतं. अक्का ‘दस्तगीर’ लिहायच्या. वायर सापडली नाही की गच्चीवरनं ओरडायच्या, “दस्तगीर कुठं गेला? इथं तर टांगलाता!” आणि खालच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले पेशंट एकमेकांकडं बघायचे.

राजारामपुरीतली ती इमारत. खाली दवाखाना, पहिल्या मजल्यावर क्लास, वर अक्का आणि त्यांच्यावर पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये अक्कांचा ऑर्केस्ट्रा सराव करायचा. ऑर्केस्ट्र्याला पाटीवर एक भारदस्त नाव होतं, पण अख्खं कोल्हापूर ‘अक्कांचा ऑर्केस्ट्रा’च म्हणायचं. मी त्यातला साऊंडवाला. माईक, स्पीकर, मिक्सर हा माझा संसार. अक्कांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. “ए साऊंड,” म्हणायच्या. माझ्या लग्नातसुद्धा बायकोला म्हणाल्या, “साऊंडला संभाळ गं.”

गिरिजाक्कांचं चरित्र मी सांगत बसणार नाही, मला ते धड माहीतही नाही. गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरातल्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. ‘साकु’ हा त्यांचा हुकमी शब्द. कानडीत ‘पुरे’. गाणं संपवायचं असलं की साकु, चहात साखर पडायला लागली की साकु, समोरच्याचं बोलणं पटेना की साकु. तो शब्द आला की विषय संपला. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात, पण अक्का म्हणायला लागल्या की वाटायचं, ही बाई कुठं जायचं म्हणाली तर हिला अडवणार कोण?

आणि त्या सगळीकडं आधी जायच्या. एका लग्नात तर मांडव बांधायच्या आत कीबोर्ड घेऊन दारात. नवरीचा बाप अंगोळीला गेलेला. “यायला सांगितलंतं, आलो. मांडव न्हाय हा माझा दोष व्हय?” वाजवतानाही तसंच. त्यांची बोटं तालाच्या जरा पुढंच पडायची, कायम. कुणी बोललंच तर म्हणायच्या, “मागं राहून कुणाचं भलं झालंय?”

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, चार गायक, एक पेनड्राइव्ह, संपला विषय. हल्ली असंच चालतंय. मागं रेकॉर्ड केलेला ट्रॅक, पुढं माणूस तोंड हलवतोय. मी विचारलं, “अक्का, ट्रॅकची वायर कुठली? माझ्या मिक्सरला जोडतो.”

अक्कांनी एक जाडजूड पाच पिनांची वायर माझ्या हातात दिली. “ही ऐक.”

“ही कशी ऐकायची?”

“न्हाय ऐकू येत न्हवं? कारण ह्यातनं आवाज जात न्हाय. हुकूम जातोय. कुठला सूर, किती जोरात, कवा सोडायचा. एवढंच. आवतान जातंय बघ, पावणं आपल्या पायानं येतंय.”

ते मिडी. लॅपटॉपच्या पडद्यावर सूर विटांसारखे मांडलेले. तिथनं निरोप निघायचा एका डबीत, डबीतनं वायरींमध्ये, आणि पलीकडं वाद्यं बसलेली. जुनं ध्वनियंत्र, म्हणजे सूर काढणारा एक डबा, व्हायोलिन वाजवायचं, दुसरा कीबोर्ड तुतारी. प्रत्येकाला नंबर दिलेला, ज्यानं त्यानं आपल्या नंबरचा हुकूम ऐकायचा. सूर त्या त्या वाद्यातनं, तिथल्या तिथं, ताजा निघणार. पेनड्राइव्हवरच्या गाण्याला अक्का ‘शिळं’ म्हणायच्या आणि ते तोंडही वाकडं करून म्हणायच्या. एक नंबरचा चॅनल मात्र कायम कोरा. तो अक्कांचा स्वतःचा. त्यांनी आपलं वाजवणं कधी लॅपटॉपमध्ये भरलं नाही. “मी हाय की. मी असताना माझं मशीनला कशाला शिकवू?”

आता असं नाही की त्या चुकायच्या नाहीत. चुकायच्या, आणि चुकल्या की जाळ अन् धूर संगटच. एका तालीम मंडळाच्या गणपतीला आरतीला बोलावलं होतं. आता मिडीत एक रीत आहे, दहा नंबर हा ताशा-झांजेचा. त्या नंबरवर कुठलाही सूर पाठवा, सा म्हणून पाठवा नाहीतर रे म्हणून, तिथनं काहीतरी आपटल्याचाच आवाज येणार. अक्कांनी घाईत आरतीची चाल टाकली दहा नंबरवर. निरांजन ओवाळायला सुरुवात झाली, आणि पेटीच्या जागी शिट्टी, घंटा, टाळी, झांज, पुन्हा शिट्टी! ठेका बरोबर, जागा बरोबर, पण चाल म्हणून नुसता भांड्यांचा बाजार. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी धावत लॅपटॉपकडं निघालो, तर अक्कांनी डोळ्यांनीच मला जागेवर बसवलं. आरती शेवटपर्यंत तशीच गेली. लोकांनीही जोरजोरात म्हटली, दुसरं करणार काय?

“अक्का, हे काय वो?” अध्यक्ष म्हणाले.

“देवाला रोज पेटीच ऐकवायची व्हय? कान केवढं घेतलेत त्यानं, बघा की जरा.”

येताना टेम्पोत माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “दहावर टाकलं रं,” आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. खरी गंमत पुढं. पुढच्या वर्षी त्याच तालमीचा फोन. “अक्का, ती मागल्या वर्षीची शिट्टीची आरती पायजे. पोरं म्हणत्यात, तीच लावायची.”

आता दस्तगीर.

दस्तगीर कबनूरचा. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. गल्लीतल्या देवळातलं आरतीचं मशीन असतं ना, बटण दाबलं की नगारा आणि घंटा आपोआप वाजतात ते, ते बिघडलं तरी दस्तगीरलाच बोलावणं. आणि ह्या सगळ्यातनं उरलेल्या वेळात तो आमचा ढोलकीवाला. ‘उरलेल्या वेळात’ म्हणतोय खरा, पण त्याला विचारलं असतं तर त्यानं उलटं सांगितलं असतं.

दोन गोष्टी सांगतो, म्हणजे माणूस कळेल. एक, तो कशालाही ‘व्हय’ म्हणायचा आणि मग आपल्या मनासारखं करायचा. “दस्तगीर, उद्या लवकर ये.” “व्हय, अक्का.” दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी. दुसरी, तो जसा यायला उशीर करायचा तशी त्याची थापही उशिरा पडायची. चुकून नाही. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा जागेवर, आणि उजव्या बाजूची टणक थाप किंचित मागं, रेंगाळून. त्या रेंगाळण्यानं गाणं असं काही ऐटीत बसायचं की खुर्चीवरचा माणूस आपसूक मान हलवायला लागायचा. अक्का पुढं ओढणार, दस्तगीर मागं रेटणार. त्या ओढाताणीवर आमचा ऑर्केस्ट्रा चालला होता. दोघं त्यावरनं रोज भांडायचे आणि दोघांनाही दुसऱ्याशिवाय वाजवता यायचं नाही.

सरावाला दस्तगीर नसला की सगळे खोळंबायचे. मग अक्कांनी इलाज काढला. खेळण्यातल्या भोंग्यात असते तशी पितळी चकती ढोलकीच्या दोन्ही तोंडांना चिकटवली. थाप पडली की चकतीतनं लॅपटॉपला खबर. किती जोरात, कुठं, कुठल्या क्षणी. अशी त्यांनी दस्तगीरची गाणीच्या गाणी भरून घेतली. तो येईपर्यंत लॅपटॉप त्याची ढोलकी वाजवायचा, ध्वनियंत्रातनं. पण जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या रे वाजल्या की अक्का बटण दाबून तो चॅनल बंद करायच्या. भले गाणं मधोमध असेना. “माणूस आलं की मशीन गप. मशीननं रिकाम्या खुर्चीत बसायचं, भरलेल्या न्हाय.” हा त्यांचा कायदा होता आणि त्याला अपवाद नव्हता.

मग तो अपघात झाला. मागाच्या पट्ट्यात दस्तगीरचा उजवा हात गेला. हात राहिला, पण बोटं वळलेली ती वळलेलीच. घास उचलता येईना, ढोलकी तर लांबच.

आमचा वर्षाचा मोठा कार्यक्रम तोंडावर होता. तो भरवायचा इव्हेंटवाला विश्वजीत. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं चकचकीत लागायचं. तो अक्कांकडं आला आणि म्हणाला, “ढोलकी ट्रॅकवर घेऊया. दस्तगीरभाईंना पुढच्या रांगेत बसवू, शाल-श्रीफळ देऊ. लोकांनाबी बरं वाटतंय.”

“शाल?” अक्का म्हणाल्या. “ते जिवंत हाय अजून. लई थंडी वाजत असली तर तूच घे पांघरून.”

आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन कबनूर. दस्तगीरनं ढोलकीला खोळ घालून भिंतीवर टांगली होती. खोळीला वरनं गाठ मारलेली. अक्का बसल्या, पाणी प्यायल्या, आणि विचारपूस-बिचारपूस काही नाही, थेट विषयाला हात.

“कार्यक्रमाला यायचं.”

ह्या वेळी दस्तगीर ‘व्हय’ म्हणाला नाही. “न्हाय, अक्का. हात गेला.”

“एक गेला. दुसरा काय करतोय?”

“एका हातानं ढोलकी होती व्हय?”

“तुझा उजवा हात माझ्याकडं हाय,” अक्का म्हणाल्या. “लॅपटॉपमध्ये. सगळी गाणी हायत. तू डावा घिऊन ये.”

दस्तगीरनं आपल्या वळलेल्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाला, “पर आवाज त्या डब्यातनं नको. थाप कातड्यावरच पडाय पायजे.” आणि डोकं वर करून देवळाच्या दिशेनं बघितलं. “त्या आरतीच्या मशीनवानी.”

झालं! भंगारातल्या मागांचे सुटे भाग आले. वीज दिली की आतली लोखंडी दांडी पुढं उडते अशी नळकांडी असतात, ती दस्तगीरनं डाव्या हातानं आणि शेजारच्या जॉबरांच्या मदतीनं एका चौकटीवर बसवली. तीन दांड्या, टोकांना चामडं. एक थाप मध्यावर, एक कडेला लाकडाला लागून, एक अर्धवट दाबून. लॅपटॉपमधनं दस्तगीरच्या नावाची वायर ह्या चौकटीला. हुकूम आला की दांडी कातड्यावर. उजवी बाजू दस्तगीरच्या जुन्या हाताची, डावी बाजू त्याच्या आत्ताच्या हाताची. माझा विश्वास बसत नव्हता, पण वाजत होतं.

वाजत होतं, पण सगळ्यांच्या मागनं. व्हायोलिन हुकूम मिळाल्याबरोबर वाजायचं, आणि लोखंडी दांडी जागची हलून कातड्यापर्यंत पोचायला वेळ घ्यायची. दस्तगीरची मागची थाप आणखी मागं. गाणं लंगडायला लागलं. अक्का दोन दिवस वायरी उलट्यापालट्या करत बसल्या. तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता म्हणाल्या, “लांबच्या पावण्याला आवतान आधी धाडतोय न्हवं आपण?” आणि ढोलकीचा हुकूम बाकीच्यांच्या थोडा आधी सोडला. किती आधी, ते कानानं ठरवलं. दस्तगीर ‘अजून मागं’ म्हणायचा, अक्का ‘अजून पुढं’. शेवटी जुळलं, तेव्हा दस्तगीर एकदम थांबला. त्याचा डावा हात हवेतच राहिला आणि दांड्या आपल्या वाजत राहिल्या.

“हे माझंच हाय की,” तो म्हणाला.

मला रडू आलं. ते मी टेबलाखाली वायर शोधायच्या निमित्तानं उरकून घेतलं.

विश्वजीत सराव बघायला आला. पडद्यावरच्या विटा बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. पडद्यावर तालाच्या उभ्या रेषा असतात, आणि दस्तगीरची एकही वीट रेषेवर नव्हती. सगळ्या थोड्या थोड्या मागं.

“अक्का, हे सगळंच चुकलंय. एक बटण दाबलं की सरळ हुतंय. क्वांटाइज म्हणत्यात.” आणि त्यानं माऊसला हात घातला.

फाट्दिशी त्याच्या हातावर बसली.

“साकु! ह्या रेषा कुणी मारल्यात?”

“सॉफ्टवेअरनं.”

“मग त्याला सांग, जरा मागं सरक म्हणावं. दस्तगीर तिथंच वाजवतोय.”

विश्वजीत हात चोळत बसला. पण तोही कोल्हापूरचाच, ऐकून घेणारा नव्हे. म्हणाला, “ठीक हाय. तुमच्या मनासारखं. पर कार्यक्रम माझ्या नावावर हाय. स्टेजवर हे मशीन बंद पडलं तर लोक मला दगडं मारतील. माझ्याकडं दुसऱ्या ढोलकीचा ट्रॅक तयार ठेवतो. मशीन बंद पडलं की ट्रॅक सुरू, आणि दस्तगीरभाईंनी खाली उतरायचं. परत ह्या विषयावर बोलायचं न्हाय, ह्या वर्षीबी आणि पुढच्या वर्षीबी. कबूल?”

दस्तगीरनं अक्कांकडं बघितलं.

“कबूल,” अक्का म्हणाल्या.

“व्हय,” दस्तगीर म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात खुर्च्या यायच्या आधी अक्का हजर. दस्तगीर अर्थातच सगळ्यात शेवटी आला. अक्कांनी ढोलकी स्टेजच्या मधोमध, अगदी पुढं मांडली. “लपवाय काय ती चोरीची हाय?” चौकट, नळकांडी, वायरी, सगळं उघड्यावर. माझं टेबल स्टेजच्या कडेला, आणि माझ्या कानात विश्वजीतचा आवाज. मिक्सरच्या शेवटच्या पट्टीवर त्याचा ट्रॅक तयार.

पहिल्या गाण्याला लोकांनी मोबाईल वर काढले. मशीन बघायला. दुसऱ्या गाण्याला कुजबुज. तिसऱ्या गाण्याला मोबाईल खाली गेले आणि माना हलायला लागल्या. ती मागं रेंगाळणारी थाप! लोक मशीन विसरले, हात विसरले, नुसती ढोलकी ऐकत बसले. विश्वजीतसुद्धा माझ्या कानात “नाद खुळा” म्हणाला.

शेवटचं गाणं लावणी. सगळ्यांचं आवडतं, सगळ्यात जलद. पहिलं कडवं झालं आणि मला जळका वास आला. दांड्यांना वीज देणारा डबा गेला. तीन दांड्या जागच्या जागी थांबल्या. लॅपटॉप चालू, व्हायोलिन चालू, तुतारी चालू, आणि ढोलकीची उजवी बाजू मुकी. दस्तगीरचा डावा हात एकटाच, धूम, धूम, धूम. गायिकेनं वळून बघितलं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

“ट्रॅक लाव!” कानात विश्वजीत ओरडला. “साऊंड, ट्रॅक लाव, लाव!”

माझा हात पट्टीवर होता. दस्तगीरनं मान खाली घातली होती, पण डावा हात थांबवला नव्हता. मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी मला तळहात दाखवला. थांब.

आणि त्या उठल्या. चालू गाण्यात, कीबोर्ड तसाच सोडून. एक नंबर कोराच होता, त्यामुळं त्यांचे सूर त्यांच्याबरोबरच उठले. पदर खोचला, वायरी ओलांडत पुढं आल्या, ती चौकट एका हातानं बाजूला सारली, दस्तगीरच्या उजव्या अंगाला खाली फतकल मारून बसल्या आणि उजव्या बाजूला हात घातला.

अक्का ढोलकी वाजवणाऱ्या नव्हेत. पण दस्तगीरची एकेक थाप त्यांनी महिनोन्महिने पडद्यावर बघितली होती, ऐकली होती, आधी-मागं केली होती. कुठं कुठली थाप येते हे त्यांना पाठ होतं. फक्त एक गोष्ट त्यांना जमणार नव्हती, आणि ती म्हणजे मागं राहणं! त्यांची थाप पुढं पडायला लागली. दस्तगीर मागं ओढतोय, अक्का पुढं पळतायत, एका ढोलकीची दोन तोंडं दोन दिशांना. मला वाटलं, संपलं. आता गाणं पडतंय.

तेवढ्यात दस्तगीर हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. “अक्का, पळू नका!”

“तूच ये की फुडं!” अक्का ओरडल्या.

ढोलकीचा माईक चालूच होता. अख्ख्या मैदानानं ऐकलं. आधी हशा, मग टाळ्या, आणि टाळ्या ठेक्यात पडायला लागल्या, आणि त्या टाळ्यांच्या मधल्या जागेत कुठंतरी ती दोघं भेटली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी अक्कांची एक थाप सपशेल घसरली, कडेला लाकडावर पडली, तर त्याच्यावर शिट्ट्या. काय सांगायचं! इतक्या कार्यक्रमांचं साऊंड केलं, असं गाणं पुन्हा ऐकलं नाही. शेवटच्या थापेला अक्का दोन्ही हात वर करून ओरडल्या, “साकु!” आणि मैदान उभं राहिलं. विश्वजीतचा ट्रॅक मी लावला नाही. तोही परत लाव म्हणाला नाही.

नंतर वायरी गुंडाळताना माझ्या लक्षात आलं. ढोलकीवरच्या चकत्या तशाच होत्या, आणि प्रत्येक कार्यक्रमातली ढोलकी लॅपटॉपमध्ये भरून घ्यायची पद्धत होती. म्हणजे अक्कांचा हात आत गेला होता. पडद्यावर त्यांच्या विटा, एकूण एक, रेषेच्या पुढं. अक्कांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“पुसून टाक ते, दस्तगीर. ढोलकी न्हवं ती, भाकऱ्या थापल्यात.”

“व्हय, अक्का,” दस्तगीर म्हणाला.

त्यानंतर दस्तगीरच्या खुर्चीबद्दल कुणी शब्द काढला नाही. डबा नवा आला, जोडीला एक जादाचा. विश्वजीत पुढं स्वतःच पोस्टरवर ढोलकीचा फोटो छापायला लागला.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. शेवटी मोठ्या दवाखान्यात होत्या. छातीला वायरी, बोटाला वायर, शेजारी पडद्यावर रेषा. मी आणि दस्तगीर भेटायला गेलो तर नर्सला विचारत होत्या, “ह्याचं आऊट कुठं जातंय?” नर्स बिचारी काय सांगणार? मग आमच्याकडं वळल्या. आवाज बारीक झाला होता, पण हुकूम तो हुकूमच.

“माझ्या जागी मशीन बसवायचं न्हाय. आणि खुर्ची रिकामीबी ठेवायची न्हाय, हार-बीर घालून. माणूस बसवा. चुकंल ते. चुकू द्या.”

“व्हय, अक्का,” दस्तगीर म्हणाला.

आता त्यांच्या कीबोर्डवर एक बाई बसतात. शाळेत संगीत शिकवतात. चुकतात. आम्ही चुकू देतो.

परवा त्याच मैदानात कार्यक्रम झाला, अक्का नसताना तिथला पहिला. दस्तगीर उशिरा आला. सगळं नीट चाललं. शेवटी तीच लावणी. पहिलं कडवं झाल्यावर दस्तगीरनं लॅपटॉपवर काहीतरी बदललं, डावा हात परत ढोलकीवर ठेवला, आणि दांड्या पुन्हा उडायला लागल्या.

मी मिक्सरवरनं मान वर केली. उजवी थाप पुढं पडत होती. आधी वाटलं, हुकूम लवकर सुटतोय, वेळेचं काहीतरी बिघडलंय. पण डावा हात जागेवर होता, नेहमीसारखा निवांत, आणि उजवी बाजू त्याला ओढत होती, पुढं, पुढं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी कडेच्या दांडीची एक थाप लाकडावर पडली. तीच. त्याच जागी.

मग गायिकेचा आलाप असतो, तिथं ढोलकी थांबते. मी वाकून, वायरींवरनं, दस्तगीरजवळ गेलो.

“पुसलं न्हाईस?”

“न्हाय.”

“अक्कांनी सांगितलंतं की. मशीन बसवू नका म्हणूनबी सांगितलंतं.”

दस्तगीर माझ्याकडं न बघता ढोलकीच्या त्या बाजूला जरा सरकून बसला, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसा. “अक्कांनी जन्मात कुणाचं ऐकलंतं?” तो म्हणाला. “मग मीच का ऐकू?”

मी टेबलाकडं परत आलो. आलाप संपला, दांड्या उडाल्या, दस्तगीरनं मागं रेटायला सुरुवात केली. कानात विश्वजीतचा आवाज आला.

“साऊंड, ढोलकीचा उजवा हात फुडं पळतोय बघ. सरळ करता येतंय काय?”

“न्हाय,” मी म्हटलं, आणि ढोलकीचा आवाज वाढवला.